उसाच्या ऊतिसंवर्धनातील कोंबांची वाढ : संख्या आणि सुदृढता

उसाचे पीक बियांपासून घेतले जात नाही. उसाला तुरा येतो व त्यात सूक्ष्म बीही धरते. परंतु त्या बीपासून उगवणारे प्रत्येक रोप आपल्या मातृवनस्पतीहून निराळे निपजते. म्हणून बीचा उपयोग नवीन वाण निर्माण करणाऱ्या पैदासकारापुरताच राहतो. शेतकरी लावतो ते टिपरे. टिपऱ्यावरील डोळ्यातून येणारा ऊस हा मूळ उसाचाच एक विस्तार असल्यामुळे वाणाचे गुण जसेच्या तसे टिकतात, हा या पद्धतीचा मोठाच लाभ होय. पण गुणांबरोबर रोगही तितक्याच इमानाने पुढच्या पिकात उतरतात. मोझेकचे विषाणू, गवताळ वाढीचे फायटोप्लाझ्मा, काणीची बुरशी, खोडव्याची वाढ खुंटविणारे जिवाणू ही सर्व मंडळी बेण्याच्या कांडीतूनच नव्या शेतात प्रवास करतात. बेण्यास ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास किंवा त्याहून अधिक काळ प्रक्रिया दिल्यास यांपैकी काही रोगांचा बंदोबस्त होतो; विषाणूंच्या बाबतीत मात्र या उपायावर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी अडचण वेगाची आहे. हेक्टरभर लागणीस दोन डोळ्यांची सुमारे २५,००० टिपरी, म्हणजे वजनाने सहा ते आठ टन बेणे लागते, आणि एका वर्षात बेण्याची वाढ आठदहा पटींपलीकडे सहसा जात नाही. एखादा उत्तम वाण प्रसारित झाला तरी तो गावोगाव पोहोचेपर्यंत अनेक वर्षे लोटतात, आणि तोपर्यंत त्यात रोगांचा शिरकाव झालेला असतो. निरोगी बेणे विपुल प्रमाणात व अल्पावधीत कसे मिळवावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधकांचे लक्ष ऊतिसंवर्धनाकडे वळले. शेतकरी ज्यांना 'टिश्यू कल्चरची रोपे' म्हणून ओळखतो, ती याच शोधाचे फळ होत.

उसाच्या ऊतींचे काचपात्रातील संवर्धन प्रथम हवाई बेटांवर झाले. तेथील साखर उत्पादकांच्या संशोधन केंद्रात निकेल यांनी १९६४ साली उसाच्या पेशींची वाढ कृत्रिम माध्यमावर करून दाखविली, आणि हाइन्झ व मी या दोघांनी १९६९ साली अशा पेशीपुंजातून संपूर्ण रोपे उभी केली. महाराष्ट्रात या कामाची पायाभरणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाली. हेंद्रे, मस्कारेन्हस, नाडगीर, पाठक व जगन्नाथन यांनी १९७५ साली उसाच्या शेंड्यातील अग्रभागापासून मोझेकमुक्त रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मांजरी येथे स्थापन झालेल्या आणि पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेने, तसेच काही सहकारी कारखान्यांनी, हे तंत्र पुढे प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर आणले.

या दोन कामांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यास पुढील सारे विवेचन दुर्बोध होईल. हवाईतील संशोधकांनी पेशींचा अव्यवस्थित गोळा वाढविला व त्यातून रोपे काढली. या गोळ्यास कॅलस असे म्हणतात. लागवडीतील उसाच्या पेशीत शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात व ती एकाहून अधिक जातींतून आलेली असतात. अशा गुंतागुंतीच्या पेशी अवयवांची शिस्त सोडून वाढू लागल्या की त्यांच्यात बदल घडू लागतात. लार्किन व स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ साली या बदलांस स्वतंत्र नाव दिले. पैदासकाराला हे बदल इष्ट वाटतात. 'फुले सावित्री' या नावाने परिचित असलेला को ९४०१२ हा वाण कोसी ६७१ या वाणाच्या अशाच बदललेल्या रोपातून निवडला गेला. परंतु ज्याला को ८६०३२ चे बेणे हवे आहे, त्याला को ८६०३२ च हवा असतो. म्हणून बेण्यासाठी कॅलसचा मार्ग टाळून शेंड्याचा कोंब वाढवावा व त्याला फुटवे आणून त्या फुटव्यांची संख्या वाढवीत न्यावी, हाच मार्ग ग्राह्य ठरला आहे.

कोंबाला फुटवे कसे येतात? प्रत्येक पानाच्या बगलेत एक सुप्त डोळा असतो. शेंडा जोमाने वाढत असतो तोवर त्यातून खाली उतरणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक या डोळ्यांना निजवून ठेवते. सायटोकायनिन नावाची संप्रेरके याच्या उलट कार्य करतात. ती डोळ्यांना जागे करतात. यांपैकी कायनेटिन हे संप्रेरक विस्कॉन्सिन विद्यापीठात मिलर, स्कूग व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५५ साली सापडले, आणि तेही हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलेल्या डीएनएमध्ये! वनस्पतीच्या वाढीची किल्ली माशाच्या पोटात मिळावी हा योग विलक्षणच म्हणावयाचा. दोनच वर्षांनी स्कूग व मिलर यांनी तंबाखूच्या गाभ्यावर प्रयोग करून दाखवून दिले, की माध्यमात सायटोकायनिनचे प्रमाण अधिक असल्यास कोंब फुटतात, ऑक्सिनचे अधिक असल्यास मुळे फुटतात, आणि दोन्ही समतोल असल्यास नुसताच पेशींचा गोळा वाढतो. म्हणजे येथे निर्णायक ठरते ते कोणा एका द्रव्याचे परिमाण नव्हे, तर दोहोंचे परस्परांशी असलेले प्रमाण. ऊस-संवर्धनाची सारी पद्धती या तत्त्वावर उभी आहे.

शेतातही हेच घडते. लागणीनंतर उसाला फुटवे येतात. बाळबांधणीच्या वेळी त्यांना चालना मिळते व मोठ्या बांधणीनंतर नवे फुटवे थांबतात. ज्याने उसाचे शेत जवळून पाहिले आहे त्याला हेही ठाऊक असते, की आलेल्या फुटव्यांपैकी बरेच पुढे प्रकाशाअभावी मरतात आणि गाळपास येतो तो उरलेला भाग. फुटव्यांची संख्या आणि उसाची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काचपात्रात मात्र या साध्या सत्याचा विसर पडण्याचा मोह फार मोठा असतो, आणि तो मोह गणितातूनच उत्पन्न होतो.

समजा, दर तीन आठवड्यांनी कोंबांची संख्या चौपट होते. आठ फेऱ्यांनंतर, म्हणजे सुमारे साडेपाच महिन्यांत, एका कोंबाचे ६५,५३६ कोंब होतील. माध्यमातील सायटोकायनिन वाढवून हीच वाढ चौपटीऐवजी सहापट केली तर तेवढ्याच काळात हा आकडा १६,७९,६१६ होतो. म्हणजे पहिल्याच्या पंचवीसपटींहूनही अधिक. कागदावरचा हा फरक एवढा मोठा आहे, की नवख्या प्रयोगशाळेने औषधाची मात्रा वाढवावी यात नवल नाही. परंतु मात्रा वाढविल्यावर मिळणारे कोंब मोजण्यास अनेक असले तरी आखूड, बारीक व गवताच्या जुडीसारखे असतात. त्यांतील पुष्कळांना पुढे मुळे फुटत नाहीत. ज्यांना फुटतात ते काचेबाहेरच्या हवेत तग धरत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेचे यश फेरीअखेर किती कोंब झाले यावर न मापता, त्यांपैकी दोन-तीन सेंटीमीटरांहून उंच, हिरवेगार व मुळे धरण्याजोगे किती निघाले यावर मापले पाहिजे. 'कोंबांची वाढ सुधारणे' या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ हाच होय.

या कामाची सुरुवात शेतातील निवडक, निरोगी उसाच्या वाढ्यापासून होते. बाहेरची पाने व पोंगा एकेक करून सोलत गेल्यावर आत पांढरट, कोवळा शेंडा लागतो. त्याचे निर्जंतुकीकरण करून सर्वांत आतला भाग निर्जंतुक हवेच्या झोतात काढून घेतात. हा भाग किती मोठा घ्यावा, येथेच पहिला पेच पडतो. अगदी टोकाच्या अर्ध्या ते एक मिलिमीटर भागापर्यंत अन्नरस वाहणाऱ्या नलिका पोहोचलेल्या नसतात, म्हणून विषाणूही तेथे बहुधा नसतात. पण इतका लहान तुकडा जगविणे कठीण असते व त्याची वाढ मंद असते. पाच-दहा मिलिमीटरांचा शेंडा घेतला तर तो जोमाने वाढतो, मात्र तो रोगमुक्त असेलच अशी ग्वाही देता येत नाही. जोम आणि शुद्धता यांतील हा विरोध कोणत्याही रसायनाने मिटत नाही. ज्यांना मोठा शेंडा घ्यावयाचा असेल त्यांनी मातृवनस्पतीची रोगपरीक्षा आधीच करून घेणे, एवढाच यावर मार्ग आहे. वर दिलेले गणित येथेही लागू पडते, हे विसरून चालणार नाही : एक शेंडा रोगट निघाला तर साडेपाच महिन्यांनी हाती येणारी पासष्ट हजार रोपेही रोगट असण्याचा धोका राहतो.

शेंडा माध्यमात ठेवताच आणखी एक संकट उभे राहते. कापलेल्या जागेतून फिनॉल वर्गातील द्रव्ये पाझरतात, हवेच्या संपर्काने ती काळवंडतात आणि त्यांच्या विषारी परिणामाने शेंडा मरतो. सर्व वाणांत हा दोष सारखा नसतो. काही वाण माध्यम फारसे डागाळत नाहीत, तर काहींच्या बाबतीत एका दिवसात द्रव तपकिरी होतो. ॲस्कॉर्बिक व सायट्रिक आम्लाचे द्रावण, पॉलिव्हिनिल पायरोलिडोन किंवा कोळशाची बारीक पूड यांचा उपयोग करतात, सुरुवातीचे काही दिवस पात्रे अंधारात ठेवतात. पण अनुभवाने सर्वांत खात्रीचा ठरलेला उपाय अत्यंत साधा आहे, तो म्हणजे पहिल्या पंधरवड्यात शेंडा वारंवार ताज्या माध्यमात हलविणे. यात श्रम पडतात, आणि म्हणूनच तो टाळला जातो.

माध्यमाचा पाया बहुतेक सर्वत्र मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूसाठी सिद्ध केलेला क्षारसंच हाच असतो. त्यात लिटरमागे १,६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट व १,९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट असते, आणि त्यात ३० ग्रॅम साखर घालतात. उसाच्या कोंबाला साखर बाहेरून पुरवावी लागावी हे वाचून हसू येईल. परंतु काचपात्रातील मंद प्रकाशात व कोंडलेल्या हवेत पाने आपले अन्न पुरेसे तयार करू शकत नाहीत, त्याला इलाज नाही. या माध्यमात सायटोकायनिनपैकी बेंझिल ॲडेनीन सामान्यतः लिटरमागे अर्धा ते दोन मिलिग्रॅम घालतात. ते फुटवे आणण्यात प्रबळ आहे. कायनेटिन त्या मानाने सौम्य असून त्याच्या संगतीत कोंब अधिक लांब होतात. म्हणून दोहोंचे मिश्रण वापरण्याची प्रथा पडली आहे. कोंब फारच आखूड राहिल्यास जिबरेलिनची अल्प मात्रा उपयोगी पडते, मात्र तिचा अतिरेक झाल्यास कोंब लांबतात पण लुकडे व फिकट होतात. अमुक वाणास अमुक मात्रा असे कोष्टक कोणी मागितल्यास ते देणे धाडसाचे होईल, कारण एका वाणासाठी उत्तम ठरलेली मात्रा दुसऱ्यास मारक ठरल्याचे वारंवार दिसून आले आहे. प्रत्येक नव्या वाणासाठी लहान प्रमाणावर चाचणी घेणे अपरिहार्य आहे.

मात्रेइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व फेरपालटाच्या रीतीला आहे. नवखा कामगार कोंब एकेक सुटा करून लावतो. तसा सुटा कोंब उदास बसून राहतो किंवा मरतो. तीन-चार कोंबांचा झुपका एकत्र लावला तर तो लगेच वाढीस लागतो. झुपका फार मोठा ठेवला तर आतील कोंब पिवळे पडतात. फेरपालटास आठवडाभर उशीर झाला तर माध्यम काळवंडते, अन्नांश संपतात आणि पुढच्या फेरीत तोच झुपका निम्मेही फुटवे देत नाही. उत्तम माध्यम वापरूनही कोंब खराब येण्याचे कारण पुष्कळदा रसायनांच्या कपाटात नसून चिमटा धरणाऱ्या हाताच्या घाईत असते.

माध्यम घट्ट असावे की पातळ, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. अगरने घट्ट केलेल्या माध्यमात कोंबाच्या बुडाशीच अन्न मिळते व पाझरलेली विषारी द्रव्ये तेथेच साचतात. शिवाय अगर महाग आहे. पातळ माध्यमात, विशेषतः सुरुवातीला गाळणकागदाच्या पुलावर शेंडा टेकवून आणि पुढे द्रवाचा उथळ थर ठेवून, उसाची वाढ लक्षणीय सुधारते. परंतु कोंब द्रवात सतत बुडून राहिले तर ते काचेसारखे पारदर्शक, ठिसूळ व पाणथळ होतात. अशा पानांत पाणी फाजील असते, त्यांची त्वचा दुबळी असते आणि ती पुढे कधीच सुधारत नाहीत. सायटोकायनिनचा अतिरेक, पात्रातील कोंडलेली दमट हवा व साचलेला इथिलीन वायू ही याची कारणे होत. यातून काढलेली एक नामी युक्ती अशी, की कोंब कोरड्या जाळीवर ठेवावेत व दर काही तासांनी थोड्या मिनिटांपुरते हवेच्या दाबाने माध्यम वर चढवून त्यांना न्हाऊ घालावे. क्यूबातील लोरेन्झो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ही पद्धत उसासाठी यशस्वीपणे वापरल्याचे प्रसिद्ध केले. पाटाचे पाणी सोडावे व वाफसा येऊ द्यावा, हे शेतकऱ्याचे जुने शहाणपणच येथे काचेच्या भांड्यात अवतरले आहे म्हणावयाचे.

कोंब पांढरे वा पिवळट पडू लागले तर बहुतेक जण प्रथम नत्राकडे बोट दाखवितात. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त जमिनीत उसावर 'केवडा' पडतो तेव्हा त्याचे कारण लोहाची टंचाई असते. काचपात्रातील केवड्याचेही कारण अनेकदा तेच निघते. माध्यमात लोह घातलेले असते, पण ते इडीटीएशी नीट बद्ध झालेले नसेल, किंवा साठ्याचे द्रावण उजेडात राहून खराब झालेले असेल, तर साका तळाशी बसतो व कोंबास ते मिळत नाही. माध्यमाची आम्लता साधारणतः ५.८ या अंकावर जुळवून घेतात. ती ढळली तरी लोहावर आणि इतर क्षारांवर परिणाम होतो. गडद रंगाच्या बाटलीत द्रावण ठेवणे एवढी दक्षता घेतल्याने वाचलेल्या कोंबांची संख्या पुष्कळ भरेल. प्रकाश दिवसाचे सोळा तास, दोन ते तीन हजार लक्स, आणि तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे.

पुरेशी संख्या झाल्यावर बेंझिल ॲडेनीन कमी करून किंवा अजिबात काढून एक फेरी द्यावी लागते. या फेरीत फुटवे थांबतात व आहेत ते कोंब उंच आणि जाड होतात. शेतातील मोठ्या बांधणीशी हिचे साम्य आहे. ही फेरी वाचविण्याची प्रवृत्ती दिसते, पण ती महागात पडते, कारण ऊतीत उरलेले सायटोकायनिन पुढे मुळे फुटू देत नाही. मुळांसाठी क्षारांचे प्रमाण अर्ध्यावर आणून साखर काहीशी वाढवितात व नॅप्थॅलीन ॲसेटिक आम्ल हे ऑक्सिन देतात. तीनचार आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात.

काचेतून बाहेर आलेले रोप हवेशी अपरिचित असते. त्याच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो व पर्णरंध्रे मिटण्याची सवय त्यांना नसते. उघड्यावर ते काही तासांत कोमेजते. म्हणून मुळांवरील माध्यम धुऊन रोपे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावतात, प्रथम प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली दमट हवेत व नंतर जाळीच्या सावलीत ठेवतात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांत हळूहळू उन्हाची सवय लावतात. मागील फेऱ्यांत घाई केलेली असेल तर तिचा हिशेब येथे चुकता होतो.

कोंब किती फेऱ्यांपर्यंत वाढवावेत याला मर्यादा आहे. फेऱ्या वाढत गेल्या की बुडाशी नकळत कॅलस धरू लागतो, त्यातून फुटलेले कोंब मूळ कोंबांत मिसळतात आणि वाणाच्या शुद्धतेस धोका पोहोचतो. म्हणून आठदहा फेऱ्यांनंतर जुना साठा टाकून पुन्हा शेतातील नव्या शेंड्यापासून आरंभ करणे हितावह समजले जाते. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागामार्फत २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था आहे. तीत रोपांची विषाणूंसाठी व आनुवंशिक एकरूपतेसाठी चाचणी केली जाते.

अशी रोपे शेतात लावल्यावर पहिल्या वर्षी त्यांना फुटवे अधिक येतात व ऊस काहीसा बारीक राहतो. हा दोष नसून काचपात्रातील संवर्धनाचा मागे उरलेला परिणाम आहे, व पुढच्या पिढीत तो ओसरतो. म्हणून ही रोपे गाळपासाठी न वापरता बेणेमळ्यासाठी वापरणे योग्य. त्यांपासून मूलभूत, मग पायाभूत व शेवटी प्रमाणित बेणे अशा तीन पायऱ्यांनी ऊस सामान्य शेतकऱ्याच्या शेतात येतो. प्रयोगशाळेत झालेली चूक, मग ती रोगट शेंड्याची असो वा कॅलसमधून शिरलेल्या परक्या कोंबाची, या तीन पायऱ्या उतरेपर्यंत दोन-तीन वर्षे लपून राहू शकते. आणि ती उघडकीस येते तेव्हा ज्याच्या शेतात ती दिसते, त्याने काचपात्र कधी पाहिलेलेही नसते.